भरतीच्या वेळची जागा

आमच्या खात्यात चहाला उठताना ओरडावं लागतं. भरती-ओहोटीच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो ते खालच्या मजल्यावरच्या सर्व्हरवरून चालतं, आणि परवाना एका वेळी तिघांपुरताच, म्हणजे जागा तीन. माणसं चार. म्हणून उठणाऱ्याने ते बंद करायचं आणि "जागा सोडली!" अशी हाक द्यायची. भावनगरच्या जुन्या बंदरालगतच्या या इमारतीत मी एमएस्सी होऊन आले, त्या दिवशी मला वाटलं होतं की खाली कुणी भाजी विकतंय.

दिवाळीनंतर एक जागा अडकू लागली. दोघंच काम करत असायचे आणि तिसऱ्याला पडद्यावर उत्तर यायचं, जागा शिल्लक नाही.

"कोण उठलं न ओरडता?" सवजीभाई गरजायचे. "फोरम, गाठियांच्या वासानं भान गेलं ना तुझं?"

"मी खुर्चीतच आहे, सवजीभाई. परवा चालू मोटरसायकल खाली सोडून वर कोण आलं होतं?"

"ती पेट्रोल खाते, जागा नाही खात!"

आमच्याबरोबर काम करणाऱ्या वीणाबेन या भांडणात कधी पडायच्या नाहीत. त्यांचे पती किरीटभाई आमच्याच खोलीत, खिडकीजवळ बसायचे. वैशाखात ओहोटीच्या वेळी ते खाडीच्या तोंडाशी असलेल्या मापकाचा चिखल काढायला गेले. तिथलं पाणी परत येताना माणसाला पळू देत नाही. होड्या फिरल्या, शोध झाला, काही मिळालं नाही. त्यांच्या संगणकातली डिस्क मुख्य कार्यालयाने जुन्या नोंदींसाठी काढून नेली आणि उरलेला डबा कोठीत गेला.

संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. अडकलेली जागा कोणाची ते मी सर्व्हरवर पाहिलं. तिथे संगणकाचं नाव होतं 'खिडकी'. ते किरीटभाईंनी ठेवलेलं होतं.

मी कोठी उघडली. डब्यावर धूळ होती, डिस्कचा कप्पा रिकामा होता, विजेची तार गुंडाळून वर ठेवली होती. तोच नेटवर्क पत्ता चुकून दुसऱ्या यंत्राला गेला असेल म्हणून सगळे पत्ते तपासले. तसं नव्हतं. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. जागा पुन्हा भरली.

काही दिवस मी वेळा पाहत राहिले. जागा रोज आदल्या दिवसापेक्षा पाऊणएक तास उशिरा भरायची. याचा अर्थ आमच्या खात्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाणी मापकाला टेकलं की जागा भरत होती, उतरलं की सुटत होती.

मी हे वीणाबेनना सांगायला गेले, तर त्या खालच्या खोलीत सर्व्हरच्या पडद्यासमोर बसल्या होत्या. मांडीवर जेवणाचा डबा होता, उघडलेला नव्हता.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "भरतीला मी इथेच जेवते."

"कुणाला सांगितलंत?"

"काय सांगू? सवजीभाई भूत उतरवायला भूवा बोलावतील आणि गोहिलसाहेब डॉक्टर." त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "नवं सॉफ्टवेअर येतंय म्हणे. मग हे जुनं बंद होणार?"

येत होतंच. त्याच्या अटी गोहिलसाहेबांनी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. साहेब आमचे प्रमुख, निवृत्तीला आलेले, मनाने मऊ पण वरून आलेल्या कागदाला घाबरणारे. "अटींत बसतील तीच यंत्रं नोंदव," ते म्हणाले होते, "बाकीची नावं काढून टाक. वर उत्तर मला द्यावं लागतं, बेटा."

वीणाबेननी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. प्रोसेसर अमुक. मेमरी किमान आठ जीबी. डिस्कवर इतकी मोकळी जागा. कार्यप्रणाली अलीकडची. सर्व्हरशी अखंड संपर्क.

"यात माणूस जिवंत पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

मी कागद परत घेतला.

"फोरम, ह्यांचं नाव राहू दे गं. चितेला द्यायलासुद्धा काही मिळालं नाही मला. भरतीच्या वेळी हे एवढंच दिसतं."

नवं सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्राची चाचणी नेटवर्कवरून स्वतःच घेतं. मी आमची चार नावं घातली. सवजीभाईंचं यंत्र मेमरीत नापास झालं, त्यावर त्यांनी दिवसभर तोंड पाडलं. मग, पाणी चढलेलं असताना, मी पाचवं नाव घातलं. वीणाबेनची समजूत पटावी, एवढ्याचसाठी. चाचणी नापास होईल, मी हात वर करेन, असं मनात होतं.

प्रोसेसर, हिरवं. मेमरी, हिरवं. डिस्क, हिरवं.

मी कोठीत जाऊन रिकाम्या कप्प्यात बोटं घालून पाहिली. परत आले तेव्हा शेवटची ओळही हिरवी झाली होती. मी नाव नोंदवलं. साहेबांना सांगितलं की नोंदवलेली सगळी यंत्रं अटींत बसतात. ते खोटं नव्हतं.

नव्या आवृत्तीत एक गोष्ट जास्त आहे. जागा घेऊन कुणी नुसतंच बसलं, की सॉफ्टवेअर त्याला विचारतं, 'आपण आहात का?' खाली दोन बटणं, 'आहे' आणि 'जागा सोडतो'. काहीच उत्तर आलं नाही तर थोड्या वेळाने ते जागा काढून घेतं. हे मी वीणाबेनना आधीच सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"उत्तर नाही आलं तर?"

"तर जागा जाईल."

"आणि आलं तर?"

अमावास्येची भरती दुपार कलताना होती. आम्ही दोघी सर्व्हरसमोर बसलो. खिडकीतून खाडी दिसत होती, चिखलावरून राखाडी पाणी आत सरकत होतं. ते मापकाला टेकलं असेल त्या सुमाराला पडद्यावर 'खिडकी' हे नाव उजळलं. वीणाबेननी पदर सावरला, कुणी घरात आल्यासारखा.

बराच वेळ काही झालं नाही.

मग प्रश्न गेला. आपण आहात का?

वीणाबेनचा हात माझ्या मनगटावर होता.

मुदत संपण्याची वाट पाहावी लागली नाही. उत्तर लगेच आलं.

'जागा सोडतो.'

नाव विझलं.

वीणाबेन रडल्या नाहीत. पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "आजवर ह्यांना कुणी विचारलंच नव्हतं गं."

पाणी अजून चढतच होतं. थोड्या वेळाने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "एकदा परत विचार. एकदाच."

"नावच गेलंय, बेन. कुणाला विचारू?"

"सगळ्यांना विचार."

तशी सोय आहे. नेटवर्कवर जे कुणी असेल त्या सगळ्यांना एकदम प्रश्न पाठवता येतो. साहेब आणि सवजीभाई त्या दिवशी लवकर घरी गेले होते, आमची दोघींची यंत्रं बंद होती. कुठूनच उत्तर येणार नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं आणि घरी जावं, म्हणून मी कळ दाबली.

आहे.

मी उठून उभी राहिले.

आहे. आहे.

यंत्राच्या नावाचा रकाना प्रत्येक ओळीत भरलेला होता. काही नावं होड्यांना असतात तशी होती. काही बायकांची होती. काही अशा लिपीत होती, जी मला वाचता येईना. ओळी वर सरकत होत्या, खालून नव्या येत होत्या. बाहेर पाणी बंदराच्या दगडांना लागलं होतं.

वीणाबेन पडद्याजवळ सरकल्या. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या.

"ह्यांचं नाव दिसतंय का गं?"

नव्हतं. भरती सरेपर्यंत आम्ही दोघी शोधत होतो.