फुटाळ्याच्या पाहुण्याचं शेवटचं रीळ

ते १९७३ साल. नागपुरात मे असा पेटला होता की दुपारी महाल भागातल्या गल्ल्यांत कुत्रंही दिसत नसे. त्याच महिन्यात 'फुटाळ्याचा पाहुणा' लागणार होता. परग्रहावरचं यान फुटाळा तलावाकाठी उतरतं, अशी गोष्ट. मुंबईच्या एकाही शेटनं हात पुढे केला नाही, म्हणून मनोहरराव देवपुजारींनी सिनेमा काढण्याआधीच त्याची तिकिटं गावात खपवली. ज्याला तिकीट परवडलं नाही, त्यानं पत्रा दिला, कुणी परात, कुणी मांडवाचं कापड. यान त्यातूनच उभं राहिलं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, सकाळीच, मनोहरराव धरमपेठेत इंदुताई खानझोड्यांच्या दारात येऊन उभे राहिले.

"शेवटचं रीळ चोरीला गेलं, इंदुताई. काल दुपारी, मी झोपलो असताना."

इंदुताई खासगी तपास करत. दारावर पाटी नव्हती, पण हरवलेलं सोनं आणि पळालेला नवरा शोधायला लोक त्यांच्याकडेच येत. जोडीला धाकटे दीर भैयाजी. स्कूटर त्यांची, घाईचे निष्कर्षही त्यांचेच.

"मुंबईहून दुसरी प्रत मागवा की," भैयाजी म्हणाले.

"परवापर्यंत येते थोडीच! लोकांनी वर्षभर तिकिटं जपून ठेवलीत हो. शेवट नसलेला सिनेमा दाखवून या गावात राहू कसा मी?"

"डबे कुठं होते?" इंदुताईंनी विचारलं.

"खोलीत, वाळ्याच्या ताटीशी. उन्हानं फिल्म बिघडते, म्हणून प्रत्येक डब्यावर ओलं गोणपाट. मुंबईवाले हसले असते, ओलही वाईट म्हणून. पण त्यांना नागपूरचा मे कुठं ठाऊक! चोरानं एकच डबा नेला. मेल्यानं गोणपाटही सोडलं नाही!"

"काय आहे त्या रिळात?"

"पाहुणा शिरस्त्राण काढून तोंड दाखवतो. मग त्याला निरोप द्यायला जमलेली, आभाळाकडे बघणारी गर्दी. मदत करणारे सगळे आम्ही त्या गर्दीत उभे केले होते. रविवारी आमच्या मंडळींना सिनेमा दाखवला, तेव्हा टॉकीजवाले चंपतराव म्हणाले, गर्दी फार लांबते. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं, कापून टाकतो. आज कात्री लावणार होतो."

पहिले भेटले चंपतराव. टॉकीजच्या पायरीवर पान चघळत होते.

"मी काहून चोरू गा? मले नसता लावायचा सिनेमा, तर नाही म्हटलं असतं. हिंदी पिक्चरच्या पेट्या आत पडूनच आहेत."

"म्हणजे फायदा यांचाच!" भैयाजी वहिनींच्या कानाशी कुजबुजले.

मग पाहुण्याचं काम करणारा रवींद्र. तो मनोहररावांशी भांडला होता, हे गावाला ठाऊक होतं.

"भांडणार नाही तर काय? अख्खा सिनेमा डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं! माझ्या आईनं मला ओळखलं ते एकदम शेवटी."

"राग आहे, वहिनी," भैयाजी स्कूटरला लाथ मारत म्हणाले. "हाच तो."

शेवटी इतवारीत वच्छलाबाई. पाहुण्याचे कपडे तिनं शिवले होते, आणि यान घडवलं होतं तिच्या नवऱ्यानं, रुपराव पत्रेवाल्यानं. दिवाळीत तो काविळीनं गेला.

खोली लहान, सारवलेली, लख्ख. भिंतीवर खिळ्याला पत्रा कापायची कात्री टांगलेली, तिला मोगऱ्याचा ताजा हार.

"बसा बाई. पाणी घ्या."

भैयाजींनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. बाहेर येताच म्हणाले, "वहिनी, चहाचं आधण होतं की पाणी? आणि कात्रीला हार! दसरा कुठं आहे आज?"

"माठ कुठं होता, पाहिलात, भावजी?"

"ओसरीत. उन्हात. म्हणून तर!"

इंदुताई स्कूटरवर मागे बसल्या. दुपारी सगळ्यांना मनोहररावांच्या खोलीत बोलवा, एवढंच म्हणाल्या.

सगळे आले. वच्छला दाराशीच टेकली. टेबलावर मनोहररावांची कात्री पडलेली होती.

"वैऱ्यानं डबा नेला असता," इंदुताई म्हणाल्या, "पण गोणपाट कशाला नेलं असतं? सिनेमा बुडवणाऱ्याला फिल्म तापली तर बरंच. ज्यानं नेलं, त्याला ती जपायची होती. चंपतरावांना सिनेमा नको असता, तर नुसता नकार पुरत होता. रवींद्रचं तोंड दिसतं ते फक्त याच रिळात. तो दुसरा कुठलाही डबा नेईल, हा नाही."

"मग?" भैयाजी म्हणाले.

"कापण्याची गोष्ट रविवारी निघाली, डबा मंगळवारी गेला. कुणाला तरी ती गर्दी वाचवायची होती. आता सांगा भावजी, असलं लख्ख घर ठेवणारी बाई मे महिन्यात माठ उन्हात का ठेवेल? घरातला गार कोपरा दुसऱ्या कशाला तरी दिला असेल, तरच. आणि नवऱ्याच्या कात्रीला हार का घालेल? हार घालायला फोटोच नसेल, तर."

वच्छलाचा आवाज आला, तो अगदी सरळ.

"हो, मीच नेला. फोटो काढू काढू म्हणता राहूनच गेला. त्या गर्दीत ते टोपी काढून हसून राहिले. रविवारी पाहिलं मी. आन् हे म्हणे, कापतो! एकदा तं ते गेलेच, साहेब. आता तुम्ही दुसऱ्यांदा मारून राहिले होते. मले ते रीळ पाहाचं नव्हतं, मशीन कुठं हाये माझ्यापाशी? फक्त कापू द्यायचं नव्हतं."

मनोहररावांनी टेबलावरची कात्री खणात टाकली. मग म्हणाले, "मी लांबी मोजत होतो, वच्छलाबाई. माणसं पाहिलीच नाहीत."

चंपतरावांनी खाकरून घसा साफ केला. "लांबला तं लांबला. इंटरव्हल छोटा करू."

शुक्रवारी सिनेमा लागला. यानाला टाळ्या पडल्या, पण गर्दी दिसली तेव्हा टॉकीज डोक्यावर घेतलं लोकांनी. जो तो खुर्चीवर उभा राहून स्वतःला शोधत होता. "अबे, तो बघ मी!" कुणी मेलेला बाप दाखवत होतं, कुणी सासरी गेलेली बहीण.

मनोहररावांनी पुन्हा सिनेमा काढला नाही. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. रवींद्र अमरावतीला बँकेत लागला. टॉकीज पडलं, तिथं चंपतरावांच्या मुलानं मंगल कार्यालय बांधलं. भैयाजी शेवटपर्यंत दर तपासात आधी चुकीच्याच माणसाचं नाव घेत राहिले, आणि ते गेल्यावर इंदुताईंनी तपास सोडला.

सिनेमा उतरला तेव्हा मनोहररावांनी शेवटचं रीळ वच्छलालाच दिलं. बाकीचे डबे एका पुरात गेले. मुंबईची मूळ प्रत कुणाला सापडली नाही. वच्छलाच्या नातीनं ते रीळ परवा नीट करून आणलं. यान नाही, फुटाळा नाही, गोष्टही नाही. तोंड दाखवून पाहुणा गेला आहे, नागपूरची माणसं आभाळाकडे बघत उभी आहेत, आणि एक पत्रेवाला टोपी काढून हसतो आहे.