घरच्यांना मागाहून

वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या सामानाच्या खोलीत ती प्रिंटरचा कागद न्यायला आली, तेव्हा तिथे एक माणूस स्वतःशीच कुस्ती खेळत होता. बुलेटप्रूफ जाकीट डोक्यात अडकलेलं, एक हात वर, दुसरा कुठे गेला देव जाणे.

"कोण आहे? जरा ओढा ना," जाकिटातून आवाज आला.

"वर ओढू की खाली?"

"जिकडे मी जिवंत राहीन तिकडे."

तिने ओढलं. विस्कटलेले केस, लाल कान आणि ओशाळं हसू असा ऐवज बाहेर आला.

"गोळी लागायच्या आधी गुदमरून जाल तुम्ही."

"मग बातमी आतल्या पानावर येईल."

"आतल्या पानावर जागा नाहीये. जाहिराती आहेत."

तो हसला… आणि कागदाचा गठ्ठा घ्यायचं ती विसरली. रिकाम्या हातांनी परतली, हे विभागात सगळ्यांच्या लक्षात आलं. असल्या गोष्टींना कचेरीत डोळे फार.

तो बातमीदार होता. जिथे माणसं एकमेकांना मारतात तिथे जायचा आणि तिथून लिहायचा. ती परदेशी बातम्यांच्या टेबलावर नवी होती, आणि नव्या माणसाच्या गळ्यात जे काम पडतं ते तिच्याही पडलं: त्याचा हजेरीचा फोन. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी त्याने फोन करून 'आहे' म्हणायचं. वेळ टळली की फोन घेणाऱ्याने साहेबांना गाठायचं, तिथल्या मदत पथकाला कळवायचं, माणसाला शोधून बाहेर काढायला लावायचं. विचार करत बसायचं नाही. म्हणूनच बातमीदाराच्या घरच्या माणसाला हा फोन घ्यायला मनाई होती. घरची माणसं विचार करतात. त्यांना मागाहून कळवायचं, साहेबांच्या नंतर.

"आहे," तो म्हणायचा.

"ऐकलं," ती म्हणायची.

इथे फोन ठेवायचा असतो. पण तो सांगत राहायचा – इस्पितळात खाटा संपल्यात, जखमींना दारांच्या फळ्यांवर झोपवलंय. एक बाई मेलेल्या नवऱ्याचे बूट पुसत बसलीये, पुसून झाले की पुन्हा पुसते. ती ऐकायची. मग म्हणायची, "आता काहीतरी खोटं सांगा. चांगलं."

"तुमचा आवाज अजिबात आठवत नाही मला दिवसभर."

"हे खोटं?"

"चांगलंही."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. पुढचा शब्द मात्र दोघांनी दाताखाली धरून ठेवला. बोललं की ती घरची होणार, आणि घरची झाली की फोन जाणार! प्रेमात हिशेब नसतो असं म्हणणारे बहुधा नफ्यात असतात. या दोघांचा हिशेब पक्का होता.

एकदा वेळ टळली. तिने नियमाने सगळ्यांना उठवलं. पथक पोहोचलं तर हा एका तळघरात, वेढ्यात अडकलेल्या बायकांची हकिकत लिहून घेत बसलेला. त्याला तिथून काढलं. ती बातमी गेली ती गेलीच.

"मी जिवंत होतो!" तो फोनवर ओरडला.

"मला कसं कळणार?"

"तुला तरी कळायला हवं." मग आवाज खाली आला. "पुढच्या वेळी थोडी सवलत दे. माझ्यासाठी—"

त्याने तो शब्द सहज खर्च केला. तिला तो महागात पडला.

कारण पुन्हा वेळ टळली तेव्हा ती थांबली.

"आला का फोन?" शेजारच्या टेबलावरून तात्यांनी विचारलं. त्यांचे केस याच कामात पांढरे झालेले.

"येतोय, तात्या."

"येतोय म्हणजे आला नाही."

"असेल कुठल्यातरी तळघरात…"

खिडकीतला उजेड गेला तेव्हा कुठे तिने साहेबांचं दार वाजवलं.

तळघर नव्हतं. रस्त्यावर तोफगोळा पडला होता. गाडी उलटलेली, फोनचा चुरा झालेला, आणि तो दोन्ही हातांनी ड्रायव्हरची मांडी दाबून बसलेला, कुणीतरी येईल म्हणून. ड्रायव्हरचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. थोडं आधी आणलं असतं तर पाय वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. "त्याचा फोन माझ्याकडून काढून घ्या. मी त्याच्या घरची आहे."

"लग्न कधी झालं?"

"झालं नाही." तिने मान खाली घातली. "मी थांबले, साहेब. परकी असते तर थांबले नसते."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी उसन्या फोनवरून त्याची हजेरी आली.

"आहे."

"ऐकलं. ड्रायव्हर?"

"शुद्धीवर आलाय. म्हणतो, क्लच आता कोणत्या पायाने दाबू? थट्टा करत होता गं… मला हसता येईना. मीच तुला थांबायला सांगितलं होतं."

"सांगितलंस तू. थांबले मी." तिने श्वास घेतला. "उद्यापासून तुझा फोन तात्या घेतील."

"एका चुकीसाठी?"

"चुकीसाठी नाही. घरच्या माणसाने घ्यायचा नसतो म्हणून."

पलीकडे जनरेटर धडधडत राहिला.

"हे असं सांगतात?" तो म्हणाला. "शेजारी बसून वगैरे सांगतात ना?"

"तू शेजारी असतोस कधी?"

"म्हणजे उद्या तुझा आवाज नाही."

"नाही."

"मग मी आत्ता काय—" आणि लाइन गेली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या नव्या टेबलाशी बसली होती. फोन वाजला, तात्यांनी उचलला. ऐकलं, एकदोनदा 'बरं' म्हटलं, ठेवला आणि तिच्याकडे न बघता केबिनमध्ये शिरले. काचेमागे साहेबांचे ओठ हलत होते. तात्यांची फक्त पाठ दिसत होती. माणसाच्या पाठीवरून काही म्हणजे काही कळत नाही, हे तिला तेव्हा समजलं.

तात्या बाहेर आले. तिच्यासमोर येऊन, अनोळखी माणसासमोर राहावं तसे ताठ उभे राहिले.

"घरच्यांना कळवायचं आहे. माणूस सुखरूप आहे. ड्रायव्हरच्या खाटेशी बसलाय."

"आणखी काही म्हणाला?"

"म्हणाला, आधी तिला सांगा, साहेबांना मागाहून." तात्यांनी खुर्ची ओढली. "मी त्याचं ऐकलं नाही, पोरी."

"बरोबर केलंत, तात्या," ती म्हणाली, आणि प्रिंटरचा कागद आणायला उठली.