कोंबड्या कुणीकडे बघतात

सोमवार म्हणजे रक्ताचा दिवस. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीच्या काठच्या त्या गावात, नगरपरिषदेच्या आरोग्य खात्यात ब्रॉन्वेनला एकोणीस वर्षं झाली होती. उन्हाळाभर दर सोमवारी सकाळी ती दलदलीच्या काठावरच्या पिंजऱ्यापाशी जाई. पिंजऱ्यात वीस कोंबड्या. अंड्यांसाठी नव्हेत, राखणीसाठी. डासांतून मेंदूज्वर आला की तो आधी कोंबड्यांच्या रक्तात उमटतो. त्यांना काही होत नाही, पण माणसांना सावध व्हायला आठ-पंधरा दिवस मिळतात. मग राज्य सरकार इशारा देतं, गावात फवारणी होते, संध्याकाळचे सामने बंद होतात.

डॅरिल, खात्याचा जुना ड्रायव्हर, कोंबडी काखेत धरी. ब्रॉन्वेन पंखाखालची पिसं ओली करून शीर शोधी. पायातल्या कडीवरचा आकडा कुपीवर लिहायचा. कोंबडीला नाव ठेवायचं नाही, हा खात्याचा दंडक.

"अकरा नंबर आज रुसलीय वाटतं," डॅरिल म्हणाला.

"एकटीच नाही. सगळ्या बघ."

दाणे तसेच पडले होते. वीसच्या वीस कोंबड्या उभ्या होत्या, चोची पूर्वेला, कॅरव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, तळाकडे. एकीचाही आवाज नव्हता.

"कोल्हा आला असेल," डॅरिल म्हणाला.

गुरुवारी त्या तळावरच्या म्हाताऱ्या कॅसिडीला तापात इस्पितळात नेलं. मेंदूज्वर. प्रयोगशाळेचा अहवाल आला, वीसही कोंबड्यांचं रक्त स्वच्छ. ब्रॉन्वेन रोज जाऊन बघे, कोंबड्या आता इस्पितळाकडे तोंड करून उभ्या. रविवारी चर्चमधून परतताना तिला त्या मजेत दाणे टिपताना दिसल्या, आणि तिचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर कळलं, कॅसिडी तासाभरापूर्वीच गेला होता.

पुढच्या आठवड्यात त्या शाळेकडे बघू लागल्या. तिथल्या संगीताच्या बाई शुक्रवारी त्याच तापाने गेल्या, आणि शुक्रवारीच कोंबड्या पुन्हा टिपू लागल्या.

तिने राजधानीतल्या कार्यालयात फोन लावला.

"रक्त स्वच्छ आहे ना? मग इशारा कशाच्या जोरावर द्यायचा?" पलीकडून विचारणा झाली.

"कोंबड्या एकाच दिशेला बघतात."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी मऊ आवाजात, "फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही हो, बाई."

तिसऱ्या सोमवारी मोठी बहीण विनिफ्रेड बरोबर होती. तिला बाजारात सोडायचं होतं. नवऱ्यामागे गावात ब्रॉन्वेनला तेवढंच एक माणूस उरलेलं. विनी गाडीतच बसून थर्मासमधला चहा ओतत होती.

"साखर घाल की थोडी. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपास तुझा, देव काही चमचे मोजत बसत नाही."

ब्रॉन्वेन उत्तर द्यायला वळली, आणि पिंजऱ्याकडे बघून थबकली. तिने आत बसून गाडी चालू केली, पिंजऱ्याला वळसा घालून पलीकडे नेऊन उभी केली.

वीस माना गाडीबरोबर फिरल्या.

"दाणे मागतायत मेल्या," विनी म्हणाली.

डॉक्टरांनी विनीला तपासलं. काही नव्हतं. तरी ब्रॉन्वेनने दुपारीच ॲडलेडच्या बसचं तिकीट काढलं. तिथे भाची होती. चारशे किलोमीटर, आणि दलदल नाही.

"कोंबड्यांनी बघितलं म्हणून मी गाव सोडू? लोकांना काय सांगू गं?"

"सांग, धाकटीला वेड लागलंय."

"ते त्यांना माहितेय," विनी म्हणाली, आणि हसत हसत बसमध्ये चढली.

मंगळवारी कोंबड्या पश्चिमेला बघत होत्या. तिकडे घर नाही, झाड नाही, नुसता ॲडलेडला जाणारा हमरस्ता. बुधवारीही तेच.

गुरुवारी विनीचा फोन आला. "ठणठणीत आहे गं. डोकं तेवढं जड वाटतंय. भाचीचा टीव्ही फार मोठ्यानं असतो."

भाची तिला लगेच इस्पितळात घेऊन गेली. ब्रॉन्वेनला निघायचं होतं, पण पिंजऱ्यापासून दूर जायला तिचा पाय उचलेना. तिने चहाच सोडला, मग पावही. पिंजऱ्याच्या जाळीला बोटं अडकवून ती पुटपुटत राही, "प्रभू, त्यांना तिकडेच बघत राहू दे. मानही वळवू देऊ नकोस."

शनिवारी त्या तिकडेच बघत होत्या. रविवारीही.

सोमवारी गाडीतून उतरता उतरताच तिला कलकलाट ऐकू आला.

डॅरिल पिंजऱ्याशी उभा राहून हात हलवत होता. "ब्रॉन, ये लवकर! सुटलं एकदाचं! बघ कशा तुटून पडल्यात!"

कोंबड्या माती उकरत होत्या. दोघी एका किड्यावरून भांडत होत्या. अकरा नंबर पाणी पीत होती.

ब्रॉन्वेनने पेटी उघडली. कुप्या ओळीने मांडल्या. पहिल्या कुपीवर तारीख लिहिली.

गाडीत ठेवलेला फोन वाजू लागला.

"घे की," डॅरिल म्हणाला.

तिने दुसऱ्या कुपीवर तारीख लिहिली. फोन वाजून थांबला. मग पुन्हा वाजू लागला.

एकाही कोंबडीने तिकडे मान वळवली नाही.