दुकानात चालू, घरी बंद

"इथे कोणाला खरंच काही येतं, की सगळे नुसते हातात स्क्रू घेऊन बसलेत?"

धाकटीचं त्या दुरुस्तीच्या दुकानातलं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, चमत्कार नाही. केसांवरून पाणी ओघळतंय, काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप, बाहीला रंगीत दोरे चिकटलेले आणि नाकाच्या शेंड्यावर राग. नेहमीच्या दुकानाला कुलूप होतं आणि पाऊस वाढला होता, म्हणून ती या दुकानात शिरली. नाहीतर याची पायरी चढायचं तिला कारण नव्हतं.

मागच्या टेबलावर एक जण वाकून बसला होता. त्याने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, मग बाहीवरच्या दोऱ्यांकडे पाहिलं.

"थोडंफार येतं, ताई. काय झालंय?"

"चालू होतो आणि अडकतो. कंपनीचं चिन्ह दिसतं, की तिथेच बसतो. रुसलेल्या जावयासारखा. पुढे हलत नाही, मागे हटत नाही."

त्याने लॅपटॉप टेबलावर घेतला, कळांमध्ये अडकलेले दोऱ्यांचे तुकडे चिमट्याने एकेक करून उपसले आणि बटण दाबलं. चिन्ह आलं. दोघंही वाकली... आणि लॅपटॉप एखाद्या गुणी मुलासारखा सरळ उघडला.

"झाला की."

"आत्ता झाला! घरी होत नाही."

"मग घरात कोणाला तरी घाबरत असेल."

"घरात आत्या आहे. तिला सगळेच घाबरतात." धाकटीच्या तोंडून निघून गेलं आणि तो हसला. हसताना त्याचा एक दात जरा वाकडा दिसायचा. तो तिने पाहायला नको होता. पण पाहिला.

आत्याचा भरतकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, दोन मशीन आणि आत्याचा आवाज. धाकटी लॅपटॉपवर फुलं-पानं-अक्षरं काढायची आणि मशीन ती कापडावर भरायचं. लॅपटॉप अडला की मशीन अडलं, मशीन अडलं की आत्या सुटली. आणि टेबलावरच्या या पोराचं म्हणाल, तर दुकानात त्याला सगळे 'नवा' म्हणायचे. मागचं टेबल मालकांनी त्याला परीक्षा म्हणून दिलं होतं. हात बसला तर टेबल त्याचं, नाहीतर पुढे उभं राहून मोबाईलची कव्हरं विकायची.

"चालू करताना बाजूला काही लावलेलं असतं का? माऊस, पेन ड्राइव्ह, असलं काही?"

"नाही," धाकटी म्हणाली. फार चटकन म्हणाली.

असायचा. पेन ड्राइव्ह असायचा, आणि तो रात्रंदिवस लॅपटॉपच्या कुशीत खुपसलेला असायचा. तिची सगळी डिझाईनं त्यात. मागे एका दुरुस्तीवाल्याकडे लॅपटॉप दिला होता, तर तिचं सूर्यफूल महिन्याभरात दुसऱ्याच कारखान्याच्या पडद्यांवर फुललं होतं. तेव्हापासून आत्याने शपथ घातली होती, की लॅपटॉप घराबाहेर जाताना पेन ड्राइव्ह पर्समध्ये आणि पर्स काखेत. असला काही प्रकार आपल्याकडे आहे याचा वाससुद्धा कोणाला लागू द्यायचा नाही. आणि हा तर गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्याचा धाकटीला मुळातच संशय. शिवाय बोटाएवढी ती वस्तू, तिचा नि अडकण्याचा काय संबंध?

तिने लॅपटॉप घरी नेला, पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं. चिन्ह आलं. आणि बसलं.

दुसऱ्या खेपेला मात्र ती तावातावाने गेली. दुकान भरलेलं होतं.

"काल नुसतं बटण दाबून पाठवलंत मला! ही काय दुरुस्ती झाली?"

त्याने सगळ्यांसमोर बटण दाबलं. लॅपटॉप सगळ्यांसमोर उघडला. रांगेतल्या एका बाईने पदराआड नाही, चांगलं उघड हसून घेतलं. काउंटरवरून मालक म्हणाले, "नव्या, बिघाड लॅपटॉपमध्ये आहे का रे? का आणखी कुठे?"

धाकटीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चांगला चालणारा लॅपटॉप घेऊन पुन्हा पुन्हा येणारी मुलगी... लोकांना दुसरं काय वाटणार? आणि मेलं दुखणं असं, की सकाळी निघताना तिने केस दोनदा विंचरले होते. ते आठवून ती आणखीच तापली.

"मॅडम," तो हळूच म्हणाला. कालची ताई रातोरात मॅडम झाली होती, हे तिच्या लक्षात आलंच. "नीट आठवून सांगा. बाजूला काही लावलेलं नसतं ना?"

"एकदा सांगितलं ना, नाही म्हणून? मी काय खोटं बोलतेय?"

"तसं नाही... आत काही महत्त्वाचं आहे? सगळं पुसून नवी सिस्टीम टाकतो."

"पुसा. काही नाही त्यात."

डिझाईनं काढणारी बाई, आणि लॅपटॉपमध्ये एकही डिझाईन नाही. दुसरा कोणी असता तर तिथेच चमकला असता. हा चमकला नाही. बरं म्हणाला आणि कामाला लागला. सिस्टीम चढेपर्यंत ती समोरच्या स्टुलावर बसून राहिली. तो विचारत होता, फूल काढताना आधी पाकळी की देठ? ती सांगत होती, आधी मधला ठिपका, मग बाकीचं आपोआप येतं. मग तो म्हणाला, मला तर साधा गोलसुद्धा काढता येत नाही. ती म्हणाली, ते तुमच्या पावतीवरच्या अक्षरावरून दिसतंच आहे. पाऊस केव्हा थांबला ते दोघांना कळलं नाही. मालकांना कळलं. ते दोनदा मोठ्याने खाकरले.

घरी आल्यावर पुन्हा तेच. चिन्ह... आणि ठप्प.

"आता मी जाणार नाही," धाकटी म्हणाली. "तू जा."

"मी? मी गेले तर ते दुकान चालू राहील का?" आत्या म्हणाली. "दवाखान्यातल्या नर्सांच्या गणवेशावरची नावं भरायची आहेत. मशीन माशा मारत बसलंय. आणि तुला जायला कसली गं लाज? लॅपटॉप दाखवायला जातेस का स्वतःला?"

जिव्हारी लागलं. लागणारच, निम्मं खरं होतं.

तिसऱ्या खेपेला तावबीव काही नव्हता. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि जमिनीकडे बघत राहिली. तो दुकानात अर्थातच उघडला. मालक वैतागले. "अरे, वस्तू चांगली आहे. परत दे नि गिऱ्हाईक मोकळं कर."

"नाही मालक," नवा म्हणाला. "त्या म्हणतात घरी अडकतो, म्हणजे अडकतो. त्या म्हणतात बाजूला काही लावलेलं नसतं, म्हणजे नसतं. दोष आतच आहे. मलाच सापडत नाहीये. ठेवून जा तुम्ही, मी पूर्ण उघडून बघतो."

आजवर धाकटीच्या बाजूने असं कोणी बोललं नव्हतं. त्या घरात कोणी कोणाची बाजू घेत नसे, प्रत्येकाला स्वतःचं तोंड होतं. तिला एकदम रडूच यायला लागलं. आणि पर्समधला पेन ड्राइव्ह कुशीला टोचत होता. आत्ता सांगावं... पण दोनदा नाही म्हटलेलं, तिसऱ्यांदा हो कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि त्याने काय होणार आहे?

तिने पर्स काखेत आणखी घट्ट धरली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी गेली तर आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"चालती वस्तू उघडून बंद केलीस! कीबोर्डची पट्टी तोडलीस!" मालकांचा आवाज चढला होता, आणि दुकानात गिऱ्हाइकं उभी. "दोष नव्हताच, तर सापडणार काय? एवढं कळत नाही तुला? दुसरी पट्टी बसव, लॅपटॉप त्यांना दे आणि उद्यापासून पुढे उभा राहा. मागचं टेबल रिकामं कर."

त्याने नवी पट्टी बसवली होतीच. लॅपटॉप तिच्या हातात दिला. तिच्याकडे पाहिलं नाही. "माफ करा, मला जमलं नाही," एवढंच म्हणाला. या खेपेला ना ताई, ना मॅडम.

घरी येऊन तिने बटण दाबलं. उघडला! तिने टाळी वाजवली, लॅपटॉप बंद केला, पेन ड्राइव्ह लावला आणि आत्याला बोलावलं. "बघ, त्याने केलंच..." बटण दाबलं. चिन्ह आलं. बसलं.

धाकटी बघत राहिली. मग तिने हळूच पेन ड्राइव्ह उपसला. बंद करून पुन्हा बटण दाबलं. उघडला. लावला, अडकला. काढला, उघडला. चांगला चालू झाल्यावर लावला, तर काही तक्रार नाही. फक्त चालू होताना तो कुशीत असला की लॅपटॉप बिचारा त्याच्याचपाशी घुटमळत बसायचा.

ती मटकन खाली बसली. तिच्या एका 'नाही'ने त्याचं टेबल गेलं होतं.

"सुटलं ना कोडं?" आत्या म्हणाली. "आता चालू झाल्यावरच लावायचा. सोपं आहे. मशीन सुरू कर."

"आत्या, त्याला सांगायला हवं."

"कशाला? कोणाला कळलंय? स्वतःच्या हाताने तोंडाला काळं फासायची हौस आली का तुला?"

"त्याचं तोंड काळं झालंय ना माझ्यापायी."

आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "छत्री घेऊन जा," एवढंच म्हणाली.

दुकानात हीऽऽ गर्दी. नवा पुढे उभा राहून खुंट्यांवर कव्हरं अडकवत होता. धाकटी वाटभर ठरवत आली होती, की त्याला कोपऱ्यात घ्यायचं, हळूच सांगायचं आणि पळायचं. पण त्याला बोलणी बसली होती ती सगळ्यांदेखत. कोपऱ्यात कुजबुजून ती कशी धुतली जाणार?

"काका," तिने मालकांना हाक मारली. आवाज कापत होता, पण मोठा होता. "यांना यांचं टेबल परत द्या. लॅपटॉपमध्ये दोष नव्हता, यांच्यातही नव्हता. पेन ड्राइव्ह लावलेला असायचा. यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. खोटं बोलले."

"का हो?" रांगेतून कोणीतरी विचारलंच.

"मला वाटलं... हे माझी डिझाईनं चोरतील."

मग मालकांचं पोट हलायला लागलं, आणि त्यांच्यामागोमाग अख्खं दुकान हसलं. पायाखालची जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं धाकटीला झालं. नवा तेवढा हसला नाही. कव्हरांची चळत हातात धरून उभा होता.

"चोर वाटलो मी तुम्हाला?"

"तेव्हा ओळखत नव्हते."

"दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा?"

"तेव्हा... ओळखायला लागले होते." तिने मान खाली घातली. "त्याचीच जास्त लाज वाटते."

मालकांनी डोळे पुसले आणि मोर्चा त्याच्याकडे वळवला. "आणि तू रे? पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं तुला? गिऱ्हाईक सांगेल ते ऐकायचं, पण आपल्या डोळ्यांनी बघायचं. एरवी माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीस. हिच्यावर कसा ठेवलास?"

"जाऊ द्या ना, मालक."

धाकटीची मान वर आली. डोळे ओले होते, पण जिभेची धार परत आली होती. "जाऊ कसं देणार? माझी लाज निघाली ना सगळ्यांसमोर? मग तुम्हीही सांगा."

"इथे?"

"मी काय घरी बसून सांगितलं?"

त्याने चळत काउंटरवर ठेवली. ती घसरली, कव्हरं जमिनीवर पसरली. ती उचलायची शुद्ध कोणालाच नव्हती.

"पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी उत्तर ऐकलंच नाही," तो म्हणाला. "तुम्ही बोलत होता, तेवढंच ऐकत होतो. आणि दुसऱ्यांदा... दुसऱ्यांदा माझ्या मनात आलं होतं, की एकदा घरी येऊन बघावं. पाच मिनिटांत दोष सापडला असता. पण सापडला असता तर..." तो थांबला. मानेपर्यंत लाल झाला होता. "तर तुम्ही परत कशाला आला असता? तुमचं काम अडलंय हे मला दिसत होतं. तरी मी गेलो नाही. हे मी कोणाला सांगणार होतो?"

आता हसायला कोणी उरलं नव्हतं. रांगेतली बाईसुद्धा तोंडावर हात ठेवून उभी होती.

"नव्या," मालक म्हणाले, "मागे जा, आपल्या टेबलावर बस. आणि हिलाही घेऊन जा बाबा. इथे माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

दोघं टेबलापाशी गेली. त्याने उगाच दिवा सरळ केला. तिने उगाच छत्री मिटली, ती आधीच मिटलेली होती.

"लॅपटॉप तर आता ठीक आहे," तो शेवटी म्हणाला.

"ठीक आहे."

"म्हणजे आता तुमचं इथे काही काम नाही."

"नाही." तिने स्टूल पुढे ओढलं आणि बसली. "बसू ना?"

"बसा... हवा तेवढा वेळ बसा."

बाहेर पाऊस लागून राहिला होता. तो कोणाचा तरी फोन उघडून काम करायला लागला. निदान तसं दाखवत होता, कारण एवढासा तो स्क्रू त्याने उलट्या बाजूने घातला, काढला आणि पुन्हा उलट्याच बाजूने घातला. धाकटीने ते सगळं पाहिलं. टोमणा अगदी जिभेच्या टोकावर आला होता, चांगला धारदार. तिने तो गिळला. तिच्या घराण्यात आजवर कोणी कोणासाठी एवढं केलं नव्हतं.