बंदीच्या यादीतली चावी

लॅपटॉप दुरुस्त करणं हा माझा धंदा. पण घरातल्या एका लॅपटॉपला मी दोन वर्षांत हात लावला नव्हता. तो बायकोच्या पहिल्या नवऱ्याचा. माणूस गेला, लॅपटॉप राहिला. ती भाषांतराचं काम त्यावरच करायची. मी नवा आणून दिला, तर तिने तो खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नाही.

मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये, हे मलाही कळतं. कळून काय उपयोग?

रविवारी दुपारी तीच म्हणाली, "लोकांची खासगी कागदपत्रं आहेत यात. उद्या कुणी उचलून नेला आणि स्वतःचीच सिस्टिम घालून सुरू केला तर? काही बंदोबस्त करता येईल?"

येणार होता. लॅपटॉप सुरू होताना सिस्टिमवरची डिजिटल सही तपासतो. आत ज्याची चावी, म्हणजे सही ओळखायचा सांकेतिक आकडा, नोंदलेली, त्याचीच सही चालते. सेटिंग उघडून बघतो तर सगळं आधीच केलेलं. चावी त्याच्या नावाची.

म्हणजे ही दोन वर्षं हा लॅपटॉप रोज त्याच्या परवानगीने सुरू होत होता. माझ्या घरात.

तरी मी घाई केली नाही. चार्जर लावला. जुनी चावी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि पेनड्राइव्ह खिशात टाकला. मग त्याची चावी पुसली, माझी नवी बनवून नोंदवली, सिस्टिमवर माझी सही चढवली.

"त्याचं काही जाणार नाही ना?" तिने दारातून विचारलं.

"फायली राहतील," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला. काळा पडदा, वर एकच ओळ. सही अमान्य.

परवानगीच्या यादीत माझी चावी होती. मग बंदीची यादी उघडली. रद्द झालेल्या चाव्या तिथे जातात, आणि तिथे नाव आलं की परवानगी असून नसल्यासारखी. शेवटची नोंद माझ्या चावीची होती. मी ती केलेली नव्हती.

चावी तयार करून वीस मिनिटंही झाली नव्हती. बंदीची तारीख मात्र दोन वर्षांपूर्वीची. आमच्या लग्नाची. वेळ, अकरा बावन्न.

ती वेळ मला पाठ आहे. मी रजिस्टरवर सही करत होतो आणि ती माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

नोंद पुसली. परत आली.

पुन्हा पुसली.

आली.

"दे इकडे," ती म्हणाली. लॅपटॉप उचलून सोफ्यावर बसली, बटण दाबलं. तो निमूट सुरू झाला.

मी खिसा चाचपला. पेनड्राइव्ह होता. जुनी चावी मी परत घातलीच नव्हती.

ती सोफ्याच्या एका टोकाला अंग चोरून बसली होती. लॅपटॉप जरा तिरका धरला होता, शेजारच्यालाही दिसावा असा.

मी शेजारी बसायला गेलो.

"तिथे नको," ती म्हणाली. मान वर न करता.