उत्तर मी देणार

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये गचका खाऊन थांबली, तेव्हा तिच्या हातात पाचव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवा चष्मा होता. तिने घंटेचं बटण दाबलं, मग आणखी चारदा दाबलं. दहाएक मिनिटांनी बाहेरून कुणीतरी दारावर टकटक केली.

"मी लिफ्टवाला. आत कोण आहे?"

बाकी कुठलाही प्रश्न चालला असता, पण हा नको. स्वतःचं नाव हाच तिच्यासाठी सगळ्यात अवघड शब्द होता. पहिलंच अक्षर घशात असं रुतून बसायचं, की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा.

"एक... जण," ती म्हणाली.

"बरं, एक जण. वर मोटरपाशी माझा जोडीदार आहे, अर्धा-पाऊण तास लागेल. तोवर मी इथंच बसतो. अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, असा आमच्या कामाचा नियम आहे. कोडी आवडतात?"

तिने आतून दारावर एकदा टकटक केली.

"सोपं घालतो. कायम अटी घालणारा प्राणी कोणता?"

उत्तर तिला लगेच आलं. उत्तरं तिला नेहमीच लगेच यायची, बाहेर पडायला वेळ लागायचा एवढंच. शाळेत ती हात वर करून उभी राहायची, आणि तोवर शेजारच्या बाकावरून दुसरंच कुणीतरी ते सांगून मोकळं व्हायचं. इथं मात्र दुसरं कुणी नव्हतं.

"मां... मां—जर."

बाहेर तो असा खदखदून हसला की जिन्यात घुमलं. "मां—जर. काय तोडलंत हो. आठवड्यातून दहा वेळा मी हे कोडं घालतो. लोक नुसतंच 'मांजर' म्हणतात, आणि त्यातला 'जर' मला समजावून सांगावा लागतो."

तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट ती दाराजवळ सरकली.

"आता मा—माझं. आडवा झाला की घोरणारा प्राणी?"

"रेडा?"

"घोर... पड."

"वा," तो म्हणाला. आणि थोडं थांबून, हळू आवाजात, "आणखी एक घाला ना."

चाळीस मिनिटं गेली. दार उघडलं तेव्हा मजला तिच्या छातीइतक्या उंचीवर होता. वरून एक हात पुढे आला, त्यामागे नाकावर ग्रीस लागलेला चेहरा, आणि दोन्ही बाजूंना पुढे आलेले कान. तिला वर ओढून घेताना तो म्हणाला, "तुमचं टायमिंग जबरदस्त आहे. आम्ही काही मित्रमैत्रिणी दर रविवारी जमतो, आयत्या वेळी सुचेल ते नाटक करतो. याल?"

तिने फक्त मान डोलावली. ते टायमिंग नाही, हे सांगायचं तिच्या मनात नव्हतं. तिच्या अडखळण्याला कुणी हुशारी समजण्याची ही पहिलीच वेळ होती. तेवढी एक संध्याकाळ तो गैरसमज तिने स्वतःजवळ ठेवला.

एकच संध्याकाळ. कारण दुसऱ्याच दिवशी तो काडी तुटलेला चष्मा घेऊन दुकानात हजर झाला. डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याच्या डबीवर दुकानाचा पत्ता होता, आणि त्याने आणलेल्या चष्म्याची काडी ताजी ताजी तुटलेली दिसत होती.

दुकान तिच्या दादाचं. काउंटरवर दादा, आणि मागच्या खोलीत भिंगं घासायच्या चाकाशी ती. सात वर्षं हीच रीत. गिऱ्हाइकाच्या समोर तिने यायचं नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरलं होतं.

"इथं एक जण काम करतात ना?" मागे तिला ऐकू आलं.

"छोटी? ती आत असते. काय ते मला सांगा," दादा म्हणाला. "तिला बोलायला जरा त्रास होतो."

ती बाहेर आली. हात कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीने माखलेले. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे, आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले.

"काल चाळीस मिनिटं बोलल्या त्या माझ्याशी," तो म्हणाला. "त्रास कुणालाच झाला नाही."

"ते टाय—टायमिंग नव्हतं," तिने सरळ सांगून टाकलं. "मी अडखळते."

"मी कोडं घातलं, तुम्ही उत्तर दिलंत, मला हसू आलं. यातलं खोटं काय होतं?"

तिने हात पुढे करून तुटका चष्मा मागितला.

दादा वाईट नव्हता, हे सांगायला हवं. लहानपणी तिची नक्कल करणाऱ्या पोरांशी मारामारी करून तो शर्ट फाडून घरी यायचा. फोनवर तिच्या वतीने तोच बोलायचा, बँकेत तोच, डॉक्टरकडे तोच. तिचं डोकं कुठे दुखतंय हेसुद्धा तोच सांगायचा, आणि बरेचदा चुकीचं सांगायचा.

"नाटक?" रविवारी ती चप्पल घालत असताना त्याने तिला अडवलं. "छोटे, लोक हसतील."

"ह—हसायलाच येतात ते," ती म्हणाली आणि जिना उतरली.

छापखान्याच्या वरच्या एका खोलीत ती मंडळी जमायची. शाईचा वास, सात खुर्च्या, त्यातली एक तीन पायांची. रुग्णालयातली रात्रपाळी उरकून डोळे चोळत आलेली सिस्टर, आणि दोनदा परीक्षेत नापास होऊनही स्वतःला वकील म्हणवून घेणारा वकील, हे दोघं त्यातले बिनीचे. खेळ सोपा होता. एकाने दुसऱ्याच्या कानात प्राणी सांगायचा, त्याने त्यावर तिथल्या तिथे कोडं रचून बाकीच्यांना घालायचं, आणि त्या कोड्यातून सगळ्यांनी नाटक उभं करायचं.

"सासरच्या नात्यातला प्राणी?" सिस्टरने विचारलं.

"उंदीर, त्यात दीर आहे," वकील म्हणाला. "आता पुरुषांचं फुकट कौतुक करणारा प्राणी सांगा."

कुणाला येईना. कोपऱ्यातून ती म्हणाली, "वा... नर."

सिस्टर खुर्चीवरून घसरली, आणि खुर्ची होती ती नेमकी तीन पायांची. त्या दिवशी तिचं बारसं झालं. भिंगं घासते आणि डोकं गरगर फिरतं, म्हणून भिंगरी.

दोन महिने गेले. लिफ्टवाला तिच्याशी 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, ते दोघांनाही कळलं नाही. ती बोलताना तो हातातलं काम थांबवायचा नाही. संत्रं सोलत असेल तर सोलतच राहायचा, तिच्याकडे न बघता, कुठल्याच घाईत नसल्यासारखा. आणि तिचा शब्द पुरा झाला की अर्धं संत्रं तिच्यापुढे धरायचा. शनिवारी झोपताना आपण संत्र्याचा विचार करतोय, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तू माझ्याकडे बघत का ना—नाहीस?" तिने एकदा विचारलं.

"बघतो की. तुझं लक्ष नसताना."

मग वाचनालयाच्या सभागृहात जाहीर प्रयोग ठरला. रविवारी दुपारी चार वाजता. ऐंशी खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. तिसऱ्या रांगेत दादा, मांडीवर मुठी आवळून बसलेला.

तिची पाळी आली. विंगेतून सिस्टर कुजबुजली, "हत्ती."

ती पुढे झाली. "कि—कितीही समजवा, जो ऐकतच नाही, असा प्राणी कोणता?" प्रेक्षकांतून पाच-सहा उत्तरं आली, सगळी चूक. तिने तोंड उघडलं आणि पहिलंच अक्षर अडकलं. ह... ह... समोर एक बाई पायाकडे बघू लागली. कुणीतरी खोकलं. ह...

"हत्ती," शेजारून लिफ्टवाला घाईघाईने म्हणाला. "कारण तो हट्टी असतो."

लोक हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या.

दादाने आयुष्यभर हेच केलं होतं आणि तिने ते गिळलं होतं. पण याने? ज्याच्यापुढे ती दोन महिने मोकळी बोलली होती, त्याने? क्षणभर वाटलं, सरळ दाराबाहेर चालू लागावं. मग वाटलं, का म्हणून?

"उत्तर मा—माझं होतं," ती माइकमध्ये म्हणाली. "आता दुसरा प्राणी द्या. आणि उत्तर मी देणार. बाकी कुणी नाही."

"कावळा," वकील विंगेतून हळूच म्हणाला.

तिने डोळे मिटले, उघडले. "निघून गेलेला माणूस अर्ध्या वाटेतून परत आला, तर त्याला का—काय विचाराल?"

कुणालाच सांगता येईना. आता तिची वेळ होती. आणि क तिथेच बसला. क... क... तिसऱ्या रांगेत दादा अर्धवट उठला. त्याच्याकडे न बघताच तिने हात वर केला, रस्त्यावरचा पोलीस करतो तसा. तो खाली बसला. लिफ्टवाला दोन्ही हात मागे बांधून, ओठ मिटून उभा होता, आणि त्याचे कान भडक लाल झाले होते. क... ऐंशी माणसं थांबली. तिने त्यांना थांबवलं होतं.

"का वळला?"

हशा लगेच आला नाही. एका आजोबांना आधी कळलं, मग रांगेरांगेने पसरत गेला.

नाटक पुढे सरकायला हवं होतं, म्हणून लिफ्टवाला कावळ्यासारखे हातांचे पंख पसरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"का वळलास?" तिने विचारलं.

"एक सांगायचं राहिलं होतं... तुला."

"इ—इथं नाही," ती म्हणाली. "इथं सगळे गंमत समजतील. मागे जाऊन बाकीच्यांच्या रांगेत उभा राहा."

लोकांना ते नाटकच वाटलं. तो खरोखर मागे जाऊन उभा राहिला.

प्रयोग संपल्यावर वाचनालयाच्या पायऱ्यांवर त्याने तिला गाठलं. उन्हं कलली होती, आणि दादा पलीकडे स्कूटर चालू करून उभा होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मला भीती वाटली, लोक तुला हसतील."

"दादालाही तीच वाटते. दो—दोघांनाही माझी काळजी, म्हणून दोघंही माझं तोंड बंद करता."

तो मान खाली घालून उभा राहिला. खरं तर तिला अजून बरंच भांडायचं होतं. पण त्याचे ते कान बघून भांडणाचे शब्द भलतीकडेच निघाले.

"मला तू आ—"

अडकलं. तो थांबला. तिच्याकडे सरळ बघत, हलायचंही विसरून. स्कूटरचा हॉर्न वाजला, तरी तिने मान वळवली नाही.

"आ—आवडतोस," ती म्हणाली. "आणि पुन्हा कधी माझा शब्द ओढून घेतलास, तर तुझ्याशी बोलणार नाही."

"नाही घेणार. मला... म्हणजे मलाही... लिफ्टमध्येच, पहिल्या दिवशी, मी..." तो थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. त्याची जीभ आयुष्यात पहिल्यांदा अशी जड झाली असावी. पुढचा शब्द तिला स्पष्ट दिसत होता. तिने तो सांगितला नाही. हाताची घडी घालून ती पायरीवर बसली.

दादा रस्ता ओलांडून आला. "काय झालं, छोटे? काय म्हणतोय हा? मी बोलू का?"

"नको," ती म्हणाली. "त्याचं अजून चाललंय. तू गा—गाडी बंद कर. वेळ लागेल."