शिवमूर्तींचं परदेशगमन

मे महिन्यात लातुरात लोकरीचा कोट घालून फिरणारा माणूस वैजनाथने पहिल्यांदाच पाहिला. डाळमिलचे मालक शिवमूर्ती घाम पुसत खासगी गुप्तहेर समीक्षाच्या कचेरीत आले आणि थेट पंख्याखाली बसले.

"ताई, माझा पासपोर्ट चोरीला गेला. उद्या हैदराबादहून विमान हाय."

युरोपातला एक देश बाहेरून राहायला येणाऱ्यांना दहा वर्षं कर माफ करतो, म्हणून शिवमूर्ती सहकुटुंब निघाले होते. गावात चार सत्कारही झाले होते.

"पोलिसांत तक्रार दिली?" समीक्षाने विचारलं.

"न्हाई. घराची इज्जत जाईल. तुम्हीच बघा, सवडीनं."

"आणि हा कोट?" वैजनाथला राहवेना.

"तिकडं थंडी लई. सवय करायलोय."

वैजनाथ एसटीतला निवृत्त कंडक्टर. समीक्षाच्या हाताखाली तो तपासाचं काम शिकत होता, आणि त्याचा चोर ठरलेलाच होता : बायको. बायकांना घर सोडवत नाही.

शिवमूर्तींच्या घरी त्यांच्या पत्नी गुरम्मा लेक अक्षराकडून परदेशी भाषेत 'नमस्कार' घोकत होत्या.

"तुम्हाला जायचं नव्हतं ना?" वैजनाथने दरडावलं.

"का न्हाई? तीस वर्षांत ह्यांनी मला बिलोलीच्या पुढं नेलं न्हाई. पासपोर्टापायी मी पिठाचे डबेसुद्धा उपसले. सोनं जागेवर, आम्हा दोघींचे पासपोर्ट जागेवर. ह्यांचाच तेवढा गेला."

वैजनाथने मग परदेशाची कागदपत्रं करून देणाऱ्या एजंट मल्लेशला धरलं.

"साहेब, ते तिकडं पोचल्यावरच माझी दलाली मिळणार. मी कशाला चोरू?" मल्लेश म्हणाला. "परवा शिवमूर्तीअण्णांनी फोनवर विचारलं, करमाफीसाठी अर्धं वर्ष तिथंच राहावं लागतं का? मी हाव म्हणालो. फोनच कट झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षाने सगळ्यांना बैठकीत बसवलं.

"पोलीस तक्रारीशिवाय नवा पासपोर्ट मिळत नाही. तरी अण्णांनी तक्रार दिली नाही. विमान दुसऱ्या दिवशी, आणि शोध मात्र सवडीनं. हरवला कधी, तर राहायची अट कळल्यावर. घर तर गुरम्माबाईंनी पिठापर्यंत झाडलं. राहिली एकच जागा. अण्णा, तुमचं जाणं तर आता रद्दच झालंय. कोट काढा."

शिवमूर्तींनी मान खाली घातली. कोटाच्या आतल्या खिशातून घामाने ओलसर झालेला पासपोर्ट निघाला.

"मला वाटलं, कागदं केली की झालं," ते पुटपुटले. "सहा महिने तिथं कुणाशी बोलू? बाजारात आडतीवर गेल्याबिगर मला जेवण जात न्हाई. पण सत्कार घेऊन बसलो. आता कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू?"

वैजनाथला त्यांची दया आली. गुरम्मांना आली नाही.

"करमाफी तुम्हाला पाहिजे होती," त्या उठल्या. "मला देश बघायचाय. अक्षरा, बॅगा गाडीत ठेव."

मायलेकी संध्याकाळच्या विमानाने गेल्या. तिसऱ्या दिवशी वैजनाथचा फोन वाजला. अर्ध्या मराठवाड्याला तुरीची डाळ पुरवणारे शिवमूर्ती दबक्या आवाजात विचारत होते, "कंडक्टरसाहेब, वरणाला पाणी किती घालत्यात?"